शस्त्रवैद्याची भाषा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला येथे बोलावले, तेव्हा शस्त्रक्रियेतील काही चमत्कार मी आपणांस सांगावे अशी त्यांची अपेक्षा असावी. चाळीस वर्षे हातात शस्त्र धरलेल्या माणसाजवळ अशा गोष्टी नसतात असे नाही. परंतु आज मला शस्त्रांविषयी बोलावयाचे नसून शब्दांविषयी बोलावयाचे आहे. विषय ऐकून कोणी घड्याळाकडे पाहिले तर मी रागावणार नाही. फक्त पहिली हकीकत संपेपर्यंत बसावे, एवढीच विनंती.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका खेड्यातील एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आले. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावी त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. "डॉक्टरसाहेब, गाठ तर काढली; मग पोट पुन्हा का दुखतं?" हा त्यांचा प्रश्न. गाठ गेली म्हणून त्यांनी देवाचा नवससुद्धा फेडला होता. मी त्यांच्या पिशवीतून इस्पितळाचे कार्ड काढून पाहिले. त्यावर दोनच शब्द होते: एक्स्प्लोरेटरी लॅपरॉटॉमी. मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ काही बोललो नाही. कारण त्या दोन शब्दांत गाठ काढल्याचे कोठेच लिहिलेले नव्हते. पोट उघडले, आत काय आहे ते पाहिले, आणि पुन्हा शिवले, एवढाच त्यांचा अर्थ. गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. त्या इस्पितळाने खोटे लिहिले होते काय? मुळीच नाही. अगदी अचूक लिहिले होते. परंतु ते ग्रीक आणि लॅटिन भाषांत लिहिले होते, आणि ते फोडून सांगावयास कोणाला सवड झाली नव्हती.

आता ते फोडूनच पाहू. 'लापारा' म्हणजे ग्रीक भाषेत बरगड्या आणि कंबर यांमधील मऊ भाग, आपली कूस. 'तोमे' म्हणजे छेद, काप. तेव्हा लॅपरॉटॉमी म्हणजे कुशीचा छेद. पुढे अर्थ पसरून पोटाचा छेद. 'एक्स्प्लोरेटरी' हा लॅटिन शब्द. त्याचे मूळ हेर आणि टेहळे यांच्या कामात आहे. शत्रूच्या मुलखात शिरून टेहळणी करून परत यावे, तसा हा छेद. यात कोणता शब्द अवघड आहे? एकही नाही. अवघड आहे ते त्यांचे अंगावरचे परके कापड.

या 'तोमे'चे कुटुंब मोठे आहे. ज्याला कापता येत नाही तो 'अ-तोमोस', म्हणजे अ‍ॅटम. आणि गंमत अशी की ग्रीकांचा तो नकारार्थी 'अ' आणि आपल्या 'अच्छेद्य' शब्दातला 'अ' हे सख्खे भाऊ आहेत. कापून कापून सुटे करणे म्हणजे अ‍ॅनाटॉमी. आणि याच 'तोमे'च्या आधी 'एक्', म्हणजे बाहेर, हा उपसर्ग लागला की होते 'एक्टॉमी': कापून बाहेर काढणे. एका अक्षराचा हा फरक. पण रोग्याच्या दृष्टीने तो केवढा आहे, हे त्या शेतकऱ्याच्या गोष्टीवरून ध्यानी यावे. टॉमी म्हटले की अवयव उघडला. एक्टॉमी म्हटले की तो गेला. तिसरा एक प्रत्यय कानाला या दोहोंसारखाच लागतो, तो 'स्टॉमी'. हा मात्र वेगळ्या घराण्यातला. 'स्तोमा' म्हणजे तोंड. जेथे शस्त्रवैद्य शरीराला नवे तोंड पाडून ते उघडेच ठेवतो, तेथे स्टॉमी. कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर काढून दिलेले तोंड. मल पुढे तेथून पिशवीत जातो. ज्याला हे आधी समजले आहे तो शुद्धीवर आल्यावर पोटावरची पिशवी पाहून घाबरत नाही. ज्याला नुसताच शब्द ऐकवला आहे, त्याची त्या वेळची मुद्रा मी पाहिलेली आहे.

याच भेदाचे एक राजघराण्यातील उदाहरण आहे. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक १९०२ सालच्या जून महिन्याच्या २६ तारखेस ठरला होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनात येऊन बसले होते, आणि राजाच्या पोटात दुखू लागले. २४ तारखेस फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शस्त्रवैद्याने राजवाड्यातच त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. अपेंडिक्सभोवती गळू झाले होते. ट्रीव्ह्जने ते फोडून पू काढून टाकला, आणि अपेंडिक्सला हातही न लावता तो थांबला. म्हणजे ही 'एक्टॉमी' नव्हतीच. अपेंडिक्स जागच्या जागी ठेवून राजाने ९ ऑगस्टला मुकुट धारण केला. आपल्याकडे मात्र अपेंडिक्सचे ऑपरेशन म्हटले की ते काढलेच असणार, असे आपण धरून चालतो. खुद्द अपेंडिक्स हा शब्द लॅटिन; अर्थ 'लोंबणारे', 'जोडून टांगलेले'. त्याला ग्रीक 'आयटिस' हा प्रत्यय जोडून १८८६ साली रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकन डॉक्टराने 'अपेंडिसायटिस' हे रोगाचे नाव प्रचारात आणले. लॅटिन धोतरावर ग्रीक कोट, अशी ही जोड आहे. भाषाशुद्धीचे अभिमानी नाके मुरडोत, रोग्याच्या दुखण्याला व्याकरण नसते.

आता कोणी विचारील, ही ग्रीक भाषा युरोपातील डॉक्टरांच्या मानगुटीवर बसली कशी? रोमन लोकांनी ग्रीस जिंकला. पण रोममध्ये वैद्यकी करणारे बहुतेक ग्रीकच राहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने वैद्यकावर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्यापुढे जी अडचण उभी राहिली ती आपल्या परिभाषाकारांना नवी वाटणार नाही. प्रत्येक गोष्टीला लॅटिन शब्द कोठून आणावा? जेथे घरचा शब्द सापडला तेथे त्याने तो वापरला. जेथे नाही तेथे 'ग्रीक याला अमुक म्हणतात' असे सांगून तो पुढे गेला. सूज, लाली, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे त्याने चार साध्या लॅटिन शब्दांत बांधली, आणि आजही वैद्यकाचा विद्यार्थी ती तशीच पाठ करतो. त्यांतील सुजेचा शब्द 'ट्यूमर'. आज तो ऐकताच घरात रडारड होते. सेल्ससच्या काळी तो गांधीण चावल्यावर येणाऱ्या फुगीलाही चालला असता.

याच सेल्ससने शस्त्रवैद्य कसा असावा हे सांगितले आहे. तो तरुण असावा, हात न कापणारा असावा, डावा हात उजव्याइतकाच चालावा, नजर तीक्ष्ण असावी. आणि दया अशी असावी की रोगी बरा व्हावा ही तळमळ राहील, पण त्याच्या ओरडण्याने घाई होणार नाही किंवा छेद लहान पडणार नाही. भूल देण्याची सोय नव्हती त्या काळची ही अपेक्षा आहे, हे ध्यानात घ्यावे. बोस्टन येथे ईथर हुंगवून शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते १८४६ साली. आणि त्या अवस्थेला 'अनीस्थीशिया', म्हणजे संवेदनेचा अभाव, हे जुने ग्रीक नाव द्यावे, असे ऑलिव्हर वेंडेल होम्स याने त्याच वर्षी पत्राने सुचविले.

मध्ययुगात मात्र एक विपरीत गोष्ट झाली. ग्रीक-लॅटिन जाणणारा वैद्य रोग्याला हात लावीना, आणि हात लावणारा न्हावी-शस्त्रवैद्य लॅटिन जाणीना. वस्तऱ्याचा धनी तोच शस्त्राचा धनी. फ्रान्समधला आंब्र्वाझ पारे हा असाच. बंदुकीच्या जखमांवरचे आपले पुस्तक त्याने १५४५ साली सरळ फ्रेंच भाषेत लिहिले, कारण लॅटिन त्याला येत नव्हते. पुढे त्याचे समग्र ग्रंथ निघाले तेव्हा पॅरिसच्या विद्वान वैद्यमंडळींना ते रुचले नाही. देशी भाषेत शास्त्र आले की ते बाटते, अशी समजूत फक्त आपल्याच देशात होती असे कोणी समजू नये.

आणि ज्या भाषेचा एवढा दरारा, तिच्यातले हे शब्द तरी काय आहेत? स्वयंपाकघरातली भांडी आणि माजघरातल्या वस्तू! कंबरेच्या हाडाला 'पेल्व्हिस' म्हणतात, ते म्हणजे घंगाळ. मांडीचे हाड ज्या खोबणीत फिरते ती 'असेटॅब्युलम'. रोमन माणसाच्या पानाशेजारी ठेवलेली सिरक्याची वाटी. नडगीचे हाड 'टिबिया' म्हणजे पावा. त्याच्या शेजारचे 'फिब्युला' म्हणजे वस्त्राला टोचावयाची पिन. गळ्याखालचे 'क्लॅव्हिकल' म्हणजे छोटी किल्ली. कानातला 'टिंपॅनम' म्हणजे डफ. आणि गुडघ्यावरचे 'पटेला' म्हणजे लहान ताटली. आपल्या खेड्यातली म्हातारी 'गुडघ्याची वाटी सरकली' म्हणते, तेव्हा ती रोमन शरीरशास्त्रज्ञाहून काही निराळे बोलत नाही. 'मसल' म्हणजे तर लहानसा उंदीर. दंडाची बेटकुळी कातडीखाली इकडून तिकडे पळताना पाहून रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला. पाहणारे डोळे सारखेच.

येथे आपल्या सुश्रुताकडे वळल्यावाचून राहवत नाही. वळतो, पण अभिमानाने छाती फुगविण्यासाठी नव्हे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य. कापून काढणे ते छेद्य, म्हणजे ग्रीकांची एक्टॉमी. फोडून उघडणे ते भेद्य, म्हणजे टॉमी; राजा एडवर्डच्या गळवाची शस्त्रक्रिया सुश्रुताने भेद्य-विस्राव्य यांत घातली असती. सुईने टोचणे ते वेध्य, ग्रीकांचे 'सेंटेसिस'. आणि शिवणे ते सीव्य. या शेवटच्या शब्दापाशी जरा थांबा. टाक्याला इंग्रजीत 'सूचर' म्हणतात. तो लॅटिन 'सुएरे', शिवणे, या धातूपासून आला. संस्कृत 'सीव्', मराठी 'शिवणे' आणि लॅटिन 'सुएरे' ही एकाच आजीची नातवंडे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे हे नाते जाहीर भाषणात मांडले. ग्रीक 'ओस्तेओन' आणि आपले अस्थि, लॅटिन 'गेनू' आणि जानु, ग्रीक 'हेपार' आणि यकृत्, ग्रीक 'ओमोस' आणि अंस, म्हणजे खांदा, या सगळ्या जोड्या याच नात्यातल्या. संस्कृतातून ग्रीक निघाली असे मात्र कोणी म्हणू नये. बहिणीला मुलगी म्हटल्याने आपला मान वाढत नाही.

नाते नसतानाही विचार जुळतात, हे मला अधिक नवलाचे वाटते. ग्रीक लोक 'आर्टेरिया' म्हणत ते श्वासनलिकेलाही आणि रक्तवाहिनीलाही. मृत शरीरात या वाहिन्या रिकाम्या दिसतात. त्यामुळे त्यांतून वारा वाहतो असे एरासिस्ट्राटससारखे मोठे वैद्यही मानीत. पुढे गेलेनने त्यांत रक्त असते हे दाखवून दिले. आपली 'धमनी' घ्या. 'धम्' म्हणजे फुंकणे. लोहाराच्या भात्याचा धातू तो हाच. दोन देशांनी एकाच नळीत वाराच पाहिला, आणि वारा निघून गेला तरी दोन्ही शब्द राहिले. उलट, साऱ्या शास्त्राला नाव देताना मात्र दोघांचे लक्ष दोन ठिकाणी गेले. 'खेइर' म्हणजे हात, 'एर्गोन' म्हणजे काम. हातकाम, त्यावरून लॅटिन 'किरुर्गिया' आणि त्याची घासून घासून झालेली 'सर्जरी'. ग्रीकांनी वैद्याचा हात पाहिला. आपण म्हणालो शल्यतंत्र. शल्य म्हणजे बाणाचे टोक, आत रुतलेला काटा. आपण रोग्याच्या अंगातले दुखणे पाहिले.

मोतीबिंदूला इंग्रजीत 'कॅटरॅक्ट' म्हणतात, म्हणजे धबधबा. हे अरबांकडून आले. डोळ्यात वरून पाणी उतरते अशी जुनी कल्पना होती. अरबी वैद्यांचे त्या अर्थाचे नाव मध्ययुगात लॅटिनमध्ये उतरले ते धबधबा होऊन. डोळ्यात पाणी उतरत नसून आतले भिंगच गढूळ होते हे कळून दोन-तीनशे वर्षे होऊन गेली, तरी शब्द कोसळतोच आहे. तसाच 'लिथॉटॉमी'. 'लिथोस' म्हणजे दगड, येथे मुतखडा. त्यासाठी छेद घेणार नाही, ते काम त्यातल्या जाणत्यांवर सोपवीन, असे हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत आहे. मुतखड्यासाठी रोग्याला उताणे निजवून पाय वर बांधीत, त्या आसनाला लिथॉटॉमीचे आसन म्हणत. आता मुतखडे फोडण्याच्या तऱ्हा बदलल्या. पण बाळंतिणीला टेबलावर त्याच आसनात ठेवतात, आणि नावही तेच चालू आहे.

आता आपल्या पुण्याजवळची एक गोष्ट. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकीत असे. १७९२ साली तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच होता. मग पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याला नाकाचा आकार दिला. तो सपाट करून कपाळावर ठेवला. भोवती रेघ ओढून तेवढी कातडी सोडवली. दोन्ही भुवयांमध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. आणि ती कातडी पिळून खाली वळवून बसवली. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. पुढे बर्लिनच्या ग्रेफे याने १८१८ साली, म्हणजे आपली पेशवाई बुडाली त्याच वर्षी, पुस्तक लिहून तिला 'ऱ्हिनोप्लास्टी'चे नाव दिले. 'ऱ्हिस' म्हणजे नाक. 'प्लास्सेइन' म्हणजे मातीला आकार देणे, कुंभारकाम. आज प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की लोकांना बादल्या आणि पिशव्या आठवतात. पण शब्द मातीचा आहे, आणि ज्याच्या हातून युरोप ही कला शिकला तो मातीचाच धंदा करणाऱ्यांतला होता. त्या लेखात त्याची जात दिली आहे. नाव दिलेले नाही.

शेवटी मी पुन्हा कार्डावरच्या शब्दांकडे येतो. १५६१ साली इटलीतल्या फालोप्पिओ याने स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या वाहिन्यांचे वर्णन केले. त्यांचे टोक फुलासारखे पसरलेले पाहून त्याने त्यांना 'ट्यूबा' म्हटले. ट्यूबा म्हणजे तुतारी. ग्रीकमध्ये तुतारीला 'साल्पिंक्स' म्हणतात, म्हणून ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव 'सॅल्पिंजेक्टॉमी'. इंग्रजीत ट्यूबाचे 'ट्यूब' झाले, आपण ट्यूबचे भाषांतर 'नलिका' केले, आणि तुतारीचा आवाज वाटेत कोठेतरी बंद पडला. गर्भाशयाला ग्रीक शब्द 'हिस्टेरा', म्हणून 'हिस्टरेक्टॉमी'. बीजांडकोश तो 'ऊफोरॉन', अंडे वाहणारा, म्हणून 'ऊफोरेक्टॉमी'.

हे तीन शब्द मी मुद्दाम सांगितले. २००८ सालच्या जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. एका बाईंनी ज्या कागदावर सही केली होती त्यावर लॅपरॉस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहणे व जरूर ती दुरुस्ती करणे, एवढे होते. आणि लॅपरॉटॉमीची गरज पडू शकेल असे लिहिले होते. बाई भुलीखाली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, दोन्ही बीजांडकोश आणि दोन्ही नलिका काढण्यात आल्या. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे न्यायालयाने म्हटले नाही. पण प्राण वाचविण्याची निकड नसताना, पाहण्यासाठी दिलेली संमती काढण्यासाठी चालत नाही, आणि सज्ञान बाईच्या देहाविषयी दुसऱ्या कोणाची संमती पुरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे सारा खटला उभा राहिला तो कशावर? स्कोपी, टॉमी आणि एक्टॉमी यांच्यामधल्या अंतरावर.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे मराठीत लिहा. अवश्य लिहावे. पण 'गर्भाशयोच्छेदन' लिहून त्या शेतकऱ्याच्या सुनेला काय जास्त समजणार? आणि बोलीतला शब्द घ्यावा तर तोही सरळ नाही. आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हणतात. कोणती पिशवी? गर्भाची की पित्ताची? गर्भाची म्हणावी, तर बीजांडकोश ठेवले की काढले? तरुण बाईचे दोन्ही बीजांडकोश गेले तर तिची पाळी आणि हाडांची ताकद यांवर एकदमच घाला पडतो. तिला ते आधी कळले पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशीसमिती नेमावी लागली, तेव्हा त्या बायांच्या तोंडी हाच एक शब्द होता, पिशवी. आत काय होते आणि काय गेले, हे त्या शब्दात मावत नव्हते.

माझ्यापुरता मी एक तोडगा काढला आहे. कार्डावर ग्रीक शब्द राहू देतो; दुसऱ्या गावच्या डॉक्टराला तो एका क्षणात समजतो, आणि ते त्याचे मोठे सामर्थ्य आहे. त्याच्याखाली मराठीत चार ओळी लिहितो: काय उघडले, काय काढले, काय ठेवले, कोठे तोंड ठेवले आहे. लिहून झाले की रोग्याला मोठ्याने वाचावयास सांगतो; वाचता येत नसेल तर बरोबरच्या माणसाला. त्या शेतकऱ्याच्या कार्डावर मी त्या दिवशी लिहिले, "पोट उघडून पाहिले. गाठ काढता आली नाही. पोट शिवले." त्यांचा नातू सातवीत होता, त्याने ते वाचले. म्हाताऱ्याने ऐकले, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, "मग दुखण्याला काय देता?" ते माझ्या हातात होते. ते मी दिले.